माझ्या आमटीत दुसऱ्याचा हात

३ फेब्रुवारी
आजपासून कामाला लागले. सणसरच्या अलीकडं, बारामती–इंदापूर रस्त्याला संभाजीरावांचं मंगल कार्यालय आहे, तिथं मुख्य आचारी म्हणून. पुण्याच्या एवढ्या मोठ्या हॉटेलात मराठी जेवणाची भट्टी मी एकटीनं सांभाळली आणि आता लग्नाच्या पंगती करायच्या. होऊ दे. त्या हॉटेलवाल्याचं थोबाड परत बघायचं नाही. दिवाळीपासून त्याचं एकच टुमणं, "मॅडम, गिऱ्हाईक म्हणतं भाज्या खारट." गिऱ्हाईकाला जीभ आहे का? दिवाळीत मी तापानं पडून होते, तेव्हा भट्टी त्यानं पुतण्याच्या हाती दिली. पुतण्या चटावला आणि मी नकोशी झाले, एवढंच आहे ते. एप्रन त्याच्या टेबलावर फेकून आले.

संभाजीरावांनी स्वयंपाकघर दाखवलं. शेगड्या चांगल्या, पाणी भरपूर. मग हाताखालची माणसं दाखवली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार पोरं, चारीच्या चारी झारखंडची. ठेकेदारानं टेम्पोतून आणून उतरवलेली. मराठीच्या नावानं बोंब.

मी म्हटलं, "संभाजीराव, गावात बाया संपल्या का?"

"स्वरूपाताई, गावातल्या बाया समद्या कंपनीच्या बसनं जात्यात. भांड्याला सारजाबाई गावली हेच नशीब म्हना. ह्यास्नी शिकवा. उन्हाळ्यापतोर बघा, त्यातली दोन मी कायमची ठिवतो, मागची खोली देतो. कोन ती दोन, ते तुमच्या शब्दावर. बाकीची ठेकेदार वीटभट्टीला न्हेनार हाय."

पोरं भिंतीला टेकून ऐकत होती. वीटभट्टी तेवढं त्यांना कळलं. चौघांनीही माझ्याकडं बघितलं.

६ फेब्रुवारी
त्यातली थोरली फुलमनी. अठरा-एकोणीसची, काटकुळी, डोळे सारखे कुणाच्या तरी हातावर. सोमाय तिचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी दोघं वीटभट्टीवरच होती. आज कांदा चिरता चिरता मला म्हणाली, "ताई, भट्टा नहीं जाना. इधर रहना, मैं और सोमाय." मी म्हटलं, राहायचं असेल तर मराठी शीक आणि कांदा बारीक चिर.

दुपारी मी आमटी-भात केला. चौघांनी आमटी बाजूला सारली आणि भाताची पेज निवळून प्यायली. माझी आमटी! जी खायला लोक कोथरूडवरून गाडी काढून यायचे! मी पातेल्यावर असं झाकण आपटलं की सारजाबाई दचकली. दोन घास खाऊन तीही भाकरी-ठेच्यावर आली. बाई म्हातारी, तिला पित्ताचा त्रास असावा.

१५ फेब्रुवारी
पहिलं लग्न पार पडलं. वरमाय स्वतः आत येऊन म्हणाली, "आमटी लई झ्याक झाली, बाई." मग? आहेच माझा हात तसा.

पण मनात खदखद आहे. भट्टीवरून उतरवायच्या आधी आमटी चाखली तर अगदी सपक. इकडचा वाणी लुटारू आहे, मिरचीला जाळ नाही, मसाल्याला दम नाही, मीठसुद्धा नुसती भुकटी. मग मी वरून मीठ घातलं, मसाला घातला, तेव्हा कुठं जरा धुगधुगी आली. पाणी प्यायला वळले आणि मागं बघते तर फुलमनी माझ्या टोपात तांब्यानं काहीतरी ओततेय! मी हातातला डाव तिच्या बोटांवर हाणला. तांब्या पडला, पांढरट पाणी सांडलं. पेजच असणार. आपल्या गावचं खाणं माझ्या आमटीत मिसळते, ही हिंमत.

"ताई, बहुत…" एवढंच म्हणाली आणि बोटं तोंडात धरून उभी राहिली. मी म्हटलं, माझ्या टोपाला परत हात लावलास तर वीटभट्टी दाखवीन. तिनं मान डोलावली. सोमायनं माझ्याकडं जसं बघितलं, ते मला आवडलं नाही.

२३ फेब्रुवारी
ह्या पोरांची नाटकं वाढत चाललीत. संध्याकाळी मी गाळणी शोधत होते आणि फुलमनी बाहेरून किंचाळत आली. "गॅस! ताई, गॅस!" धाडधाड टाक्या बंद केल्या, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मला! मी तिथंच तर उभी होते. गॅस सुटला असता तर मला वास आला नसता का? सारजाबाईनंही नाकाला पदर लावला होता. ती आता त्यांच्यात सामील झालेली दिसते.

दंड अजून दुखतोय. नखं लागलीत तिची.

६ मार्च
बारामतीला मंडईत गेले होते. कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली, नुसता पाला. आलं मोडून बघितलं, काही नाही. सगळं खताच्या पोत्यावर वाढवलेलं, वास येणार कुठून! भाजीवाल्याचे वाभाडे काढले. तो म्हणाला, "काकू, नाक तपासून घ्या." चार माणसं हसली. मी जुडी त्याच्या तोंडावर फेकून आले.

सर्दी तेवढी दिवाळीपासून हटत नाही. वाफारा घ्यायला हवा.

२० मार्च
काल साखरपुडा होता, पुरणपोळी केली. फुलमनीची पोळी माझ्यासारखी फुगते. कुणी शिकवली? मीच. कडेपर्यंत पुरण, कुठं फाटत नाही. संभाजीराव सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोरगी तयार झाली बरं का, स्वरूपाताई." मी म्हटलं, पोळी लाटणं म्हणजे स्वयंपाक नव्हे.

ती आता मराठीही बोलते, मोडकंतोडकं. भांडी आवरून झाल्यावर माझ्या मागं येऊन उभी राहिली. "ताई, मी आणि सोमाय ऱ्हायचं ना? तुम्ही बोलणार ना?" मी म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर 'बघू' म्हणताना मला बरं वाटलं. पुण्यात शेवटी शेवटी मला कुणी काही विचारतच नव्हतं. शब्द त्या दुसऱ्या दोघांसाठी टाकावा म्हणते. मुकाट असतात, माझ्या टोपात हात घालत नाहीत.

१० एप्रिल
उद्या वस्तीवरच्या देवीचा भंडारा. स्वयंपाक आमच्याच भट्टीवर. शिधा घरटी गोळा झालाय. कुणी शेरभर डाळ दिली, कुणी गूळ, कुणी पोतंभर गहू. आमटी, भात, वांग्याची भाजी, लापशी. अख्खी वस्ती जेवणार, पाहुणेरावळे वेगळे.

संभाजीरावांच्या आई चंद्राबाई मुद्दाम सांगायला आल्या. "नैवेद्य दावल्याबिगर कुणी चाखायचं न्हाय. मिठाचा अंदाज हातानंच. जमंल ना गं?" मी म्हटलं, आई, उभा जन्म ह्याच्यात गेला. पोरांना ताकीद दिली, देवीच्या आधी कुणाचं बोट टोपाला लागलं तर बोट राहणार नाही.

११ एप्रिल, सकाळ
सापडली! शेवटी सापडली!

गव्हाच्या पोत्यामागं मला मोठं पातेलं दिसलं, वर ताट झाकलेलं, ताटावर फडकं. उघडलं तर शिजवून घोटलेली तुरीची डाळ. काठोकाठ. ना फोडणी, ना मीठ. देवीच्या शिध्याची डाळ, लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेली, आणि ही फुलमनी पहाटे उठून चोरून शिजवते! कुणाला देत असेल? ठेकेदाराला विकत असेल? आणि हे आजचंच नाही हेही माझ्या ध्यानात आलं. मागच्या दोन लग्नांतही मला डाळ कमी भरली होती.

मी पातेलं ओढत अंगणात आणलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. शिधा घेऊन आलेली माणसं गोळा झाली. फुलमनी धावत आली. "ताई, ऐका, ही आमटीला आहे. नंतर पाहिजे. तुम्ही नंतर मीठ…" मी म्हटलं, माझं नाव घेतेस वर? चोर ती चोर! देवीच्या अन्नावर डल्ला! कुणीतरी म्हणालं, "हाकला की ह्यास्नी. कुठली कोन, हितं येऊन देवाचं खात्यात." सोमाय बहिणीच्या पुढं येऊन उभा राहिला तर एकानं त्याची गचांडी धरली. सारजाबाई मध्ये काही बोलायला आली, तिलाही मी गप्प केलं.

पातेलं मी स्वतः गटारीत ओतलं. सगळ्यांना दिसेल असं.

संभाजीरावांनी ठेकेदाराला फोन लावला. टेम्पो आला आणि चौघंही गेली. जाताना तिनं एकदाच मागं बघितलं. माझ्याकडं नाही, शेगडीवरच्या टोपाकडं. आता नीट काम होईल. माझ्या आमटीत दुसऱ्याचा हात नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ
लिहू का नको? लिहिते.

नैवेद्याचं ताट देवळात गेलं, घंटा वाजली. मग मी आमटी चाखली. सपक. इतकी सपक की माझ्या तोंडचं पाणी पळालं. पंगत बसायला लागली होती. मी मिठाचा डबा ओढला आणि मुठीनं घातलं. चाखलं, परत घातलं. तिन्ही टोपांत, वांग्याच्या भाजीतही.

पहिल्या पंगतीला मानाच्या पाटावर चंद्राबाई. आमटी-भाताचा एक घास घेतला आणि हात तसाच थांबला. मग पुढचे थांबले. मग सगळी पंगत पाण्याच्या तांब्यांकडं हात करायला लागली. एका पोरानं पत्रावळीतच थुंकलं आणि आईनं त्याला मारलंही नाही.

चंद्राबाईंनी मला बोलावलं. "सोरूपा, चाखली व्हतीस का गं?"

"नैवेद्य झाल्यावर चाखली, आई."

"मग परत चाख."

मी वाटी भरून घेतली आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत. म्हटलं, "चांगली आहे की." मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. चंद्राबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, की त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं.

सारजाबाईनं मला हाताला धरून आत नेलं. "ताई, नुसतं मीठ हाय ते. बिनमिठाचं वरान असतं तर मिसळलं असतं. रोज मिसळायची ती फुलमनी, तुमची पाठ वळली की."

"कसलं वरण?"

"सकाळी गटारीत वतलं न्हाय का तुमी."

मी कोठीत गेले. कांदा फोडून चावला. हिंगाची डबी उघडून नाकपुडीला लावली. चिमूटभर जिभेवर टाकली. काही नाही. चुरचुरलं तेवढंच, वास नाही, चव नाही. वाणी लुटारू नव्हता. मसाल्याला दम होता. मला वास-चव काहीच येत नाही. दिवाळीपासून येत नाही. मी आचारी आहे आणि मला चव लागत नाही. गव्हाच्या पोत्यावर बसून मी रडले, आणि बाहेर वस्तीनं देवीची लापशी आणि गुळाच्या खड्यासंगं नुसता भात खाल्ला.

१३ एप्रिल
काल दिवसभर अंथरुणात होते. आज संभाजीराव घरी आले. दाराशी येऊन फैलावर घेतील असं वाटलं होतं. तर म्हणाले, "ताई, मी इच्यार केला. त्या पोरीनंच जाता जाता टोपात मीठ वतलं आसंल. सूड म्हनून. व्हय ना?"

मी काय बोलले? मी म्हटलं, "असेल."

असेल! एवढा एक शब्द. त्यांचा चेहरा निवळला. म्हणाले, ठेकेदाराला सांगतो, असल्या पोरांना परत कुठं कामाला लावू नको, तालुक्यात कुणाच्या दारात उभी राहू देऊ नको. सत्तावीस तारखेचं लग्न तुमच्यावरच हाय, तिथीला दुसरा आचारी गावत न्हाय. ते गेल्यावर आरशात बघितलं तर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारली नाही. नोकरी राहिली म्हणून जीव भांड्यात पडला होता, हेही खरंच आहे.

१७ एप्रिल
सत्तावीसचं लग्न मला एकटीला झेपणार नाही. वडापच्या जीपनं पळसदेवच्या बाजूला गेले. धरणाचं पाणी मागं सरकलंय, त्या उघड्या जमिनीच्या कडेला वीटभट्टी आहे. धुराचा लोट नाकातोंडात गेला, मला नुसती ढास लागली, वास नाहीच.

फुलमनी डोक्यावर फळी घेऊन कच्च्या विटा वाहत होती. मला बघून थांबली नाही. विटा उतरवल्या, परत निघाली. मी तिच्या मागं मागं चालत बोलले. पोरीच्या मागं चालायची पाळी आली माझ्यावर! म्हटलं, परत चल. मला चव येत नाही, तुला ठाऊकच आहे. तू चाखायचं, मला खुणेनं सांगायचं. कुणाला कळायचं कारण नाही. तुम्हा दोघांना खोली मिळेल, शब्द देते.

ती थांबली. "चोर सगळ्यांच्या समोर बोललं. आता बोलवते चुपके से?"

"अगं, पण खोली…"

"ठेकेदार बोलतो, मी मीठ ओतलं. कोण बोललं त्याला?"

मी पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"सगळ्यांच्या समोर बोला. मग येते. नाही तर जा."

आणि गेली, फळी घेऊन. सोमाय चिखल तुडवत होता, त्यानं मान वर केली नाही. मला असा संताप आला! एवढा माज? भट्टीवर राबतेय, हातांची सालं निघालीत, आणि मला अटी घालते? रस्त्यापर्यंत मी तिला शिव्या घालत आले. वडापमधल्या बाईनं विचारलं, "कुनावर तापलाय एवढ्या?" तिला सांगता येईना.

२२ एप्रिल
आज सत्तावीसच्या लग्नाचं जेवण ठरवायला मुलीकडचे आले होते. संभाजीराव, चंद्राबाई, आणि भंडाऱ्याच्या दिवशी अंगणात उभी होती त्यातली बरीच माणसं. चहा झाला. आमटीला काय काय घालणार, असं मुलीच्या मामानं मला विचारलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. मीठ मी घातलं. मला चव लागत नाही, वास येत नाही, दिवाळीपासून. डाळ चोरीची नव्हती. माझी खारट झालेली आमटी ती पोरगी रोज निस्तरत होती. तिनं सूड घेतला नाही, संभाजीरावांशी मी खोटं बोलले. बोलताना रागही आला. त्या सगळ्यांचा, तिचा, स्वतःचा.

संभाजीरावांचा चहा कपातच राहिला. "म्हंजी? आचारी म्हनून ठिवलं आन तुमाला चवच न्हाय? आन मी त्या पोरांचं नाव तालुकाभर खराब करून बसलो?" मुलीचा मामा उठायलाच लागला. सोमायची गचांडी धरणारा तो माणूस चपला शोधायला बाहेर गेला.

चंद्राबाई म्हणाल्या, "बसा खाली समदी. संभा, टेम्पो काढ. त्या पोरीला घिऊन ये. तू सोता जा."

२५ एप्रिल
संभाजीराव स्वतः जाऊन घेऊन आले, पण तालुकाभर फिरलेला शब्द काही माघारी आणता आला नाही. दुसऱ्या दोघांना ठेकेदारानं आधीच कुठंतरी लांब धाडलंय, कुठं ते तो सांगत नाही. फुलमनी आणि सोमाय टेम्पोतून उतरली. पत्र्याच्या पेटीसकट. मागच्या खोलीची किल्ली चंद्राबाईंनी सोमायच्या हातात दिली. फुलमनीनं मला नमस्कार केला नाही, ताई म्हणाली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भिजवलेली डाळ हातानं बघितली.

संभाजीराव दारात उभे. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पोरी, आता तू सांग. ह्या बाईस्नी ठिवू का काढू?"

मी भिंतीला टेकून उभी होते. हे असं विचारायचं? माझ्यासमोर, त्या पोरीला? कानशिलं तापली. निघून जावं असं वाटलं, पण जाऊ कुठं? ह्याच्याशिवाय मला काय येतं?

फुलमनीनं डाळीचा हात झटकला. बोटं पुसली. ज्या बोटांवर मी डाव मारला होता, त्यातल्या एकाचं नख अजून काळं आहे.

"पहिलं मीठ ही टाकते ते बराबर असतं," ती म्हणाली. "रोज बराबर. मग चाखते आणि बिघाडते. ठेवा. पण चाखायला द्यायचं नाही."

"आयकलं का?" संभाजीराव म्हणाले.

ऐकलं. ह्या वयात हे ऐकायचं राहिलं होतं. राग होताच, तरी मी पदर खोचला, कारण सत्तावीसच्या आधी एकदा सगळं करून बघायचं होतं. डाळ घोटली, फोडणी दिली, मसाला हातानं घातला. मीठ मुठीनं घेतलं, अर्धी मूठ परत डब्यात सोडली, उरलेलं टाकलं. उकळी आली. माझा हात आपोआप डावाकडं गेला, डाव भरला, ओठांपर्यंत आला.

फुलमनी समोर येऊन हात पसरून उभी राहिली.

मला इतका राग आला होता, की तो डाव तिच्या अंगावर फेकावा असं वाटलं. मी तो तिच्या हातात दिला. तिनं चाखलं. मी विचारलं, "कशी झालीय?"